संदेश जावा, वीज थांबावी
टेलिफोनला जोडलेल्या संगणकाची विद्युत-सुरक्षितता : एक अभ्यासपाठ

या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीच्या आठवणी अनेकजण लिहितील. आम्ही इतिहासाचे शिक्षक; आमच्याकडूनही तशाच लेखनाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आम्ही येथे एक धडा लिहू इच्छितो. तो विज्ञानाचा आहे, आणि तो आम्ही पुस्तकातून न शिकता एका लाइनमनकडून शिकलो. आमचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी घरे बांधत आहेत, कार्यालये चालवीत आहेत, आपल्या मुलांच्या हाती संगणक देत आहेत. त्यांच्यापर्यंत हा धडा पोहोचावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुंग्यांची तक्रार

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेत पहिला संगणक आला, आणि पाठोपाठ टेलिफोनच्या तारेला जोडावयाचा मोडेम आला. पावसाळ्याचे दिवस होते, फरशी ओलसर होती. वसतिगृहातील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पेटीला हात लावला की मुंग्या येतात." तो अनवाणी होता. आम्ही त्याला चप्पल घालून बसावयास सांगितले. मुंग्या थांबल्या आणि त्याबरोबर आमची चौकशीही थांबली.

पुढे टेलिफोन बंद पडला म्हणून लाइनमन आला. त्याने मोडेमची तार काढण्यापूर्वी पेटीला उलट्या हाताचा ओझरता स्पर्श केला आणि विचारले, "सर, या बोर्डाला अर्थिंग आहे का?" बोर्ड उघडला तेव्हा तिसऱ्या छिद्रामागे तारच नव्हती. तो म्हणाला, "तुमच्या पेटीतला करंट खांबावर माझ्या हातात यायला मधे फक्त हा एवढासा मोडेम आडवा आहे."

त्या वाक्याने आम्ही वरमलो. आम्ही मुलाच्या पायात चप्पल घातली होती, कारण मात्र जागच्या जागी राहू दिले होते. शिवाय ते कारण आमच्या भिंतीपुरते नव्हते. तारेच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचत होते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

घाटाची अरुंद वाट

मावळच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. बोरघाट ही फार जुनी वाट. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी याच वाटेच्या परिसरात कोरली गेली. त्याच घाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर चढली. पुढे लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली खोपोलीस नेऊन टाटांच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईला वीज पुरविली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन विजेवर धावू लागली. तेव्हा रेल्वेच्या वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश दाब असे, आज तो २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती आहे.

म्हणजे विजेच्या मोठ्या वाहिन्या, रेल्वेची तार आणि टेलिफोनच्या तारा यांना या डोंगरात एकाच अरुंद जागेतून जावे लागले. प्रत्यावर्ती विजेच्या वाहिनीशेजारून टेलिफोनची तार दूरवर समांतर गेली, तर स्पर्श न होताही तिच्यात दाब उपजतो. यास प्रवर्तन म्हणतात. हा धोका एवढा खरा आहे की आपल्या देशात वीज आणि दूरसंचार या दोन खात्यांच्या समन्वयासाठी पॉवर अँड टेलिकम्युनिकेशन को-ऑर्डिनेशन कमिटी नावाची स्वतंत्र समिती आहे. वीजवाहिनीत बिघाड झाला असता शेजारच्या टेलिफोन तारेत उपजणारा दाब साधारणतः ४३० व्होल्टच्या आत राहावा, आणि अधिक भरवशाच्या वाहिन्यांबाबत ६५० व्होल्टच्या आत राहावा, अशी तिची मर्यादा आहे. दोन तारा शेजारी नांदावयाच्या असतील तर त्यांच्यात नियम असावा लागतो.

दोन विजा, दोन घराणी

संगणकाला भिंतीतून मिळणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास वेळा आवर्तने करणारी. तिचे एक टोक फेज, दुसरे न्यूट्रल. न्यूट्रल हे गावच्या डीपीपाशी जमिनीला जोडलेले असते. त्यामुळे जमिनीवर उभा असलेला मनुष्य फेजला शिवला की त्याच्या देहातून मंडल पूर्ण होते.

टेलिफोनची वीज निराळ्या घराण्यातील. ती एक्स्चेंजमधील बॅटरीतून येते आणि तिचा दाब सुमारे ४८ व्होल्टचा असतो. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात, म्हणून तार जमिनीच्या मानाने ऋण राहते. अशी ऋण तार ओलाव्यात कमी गंजते, हे त्यामागील कारण आहे. फोन वाजताना मात्र याच तारेवर सुमारे ७५ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक प्रत्यावर्ती दाब चढतो. लाइनमन पावसात तार सोलत असताना नेमका फोन वाजला, तर त्याला चांगलाच झटका बसतो. तो सहसा जीवघेणा नसतो, म्हणूनच लाइनमन उघड्या हातांनी काम करतो. त्याचा हा विश्वास एका गृहीतावर उभा असतो: या तारेत २३० व्होल्ट कधीही येणार नाहीत.

ही दोन घराणी ज्या ठिकाणी एका पेटीत भेटतात, असे एक ठिकाण म्हणजे मोडेम जोडलेला संगणक.

मुंग्यांचे कारण

आता त्या विद्यार्थ्याच्या मुंग्यांकडे वळू. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या खोक्यात आवाजी गडबड गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पेटीपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. पेटी जमिनीला नीट जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारी अत्यल्प वीज मुकाट्याने जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती अडून राहते आणि पेटीवर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट इतका दाब दिसू लागतो. हात लावताच ती वीज आपल्या देहातून जमिनीकडे जाते.

हा प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअरहून कमी असतो, म्हणून केवळ मुंग्या येतात. साधारण दहा मिलिअँपिअरपासून स्नायू आखडतात आणि हात सोडविता येत नाही; तीस मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. मुंग्यांनी मनुष्य मरत नाही हे खरे. परंतु मुंग्या ही सूचना आहे. ती सांगते की या पेटीचा जमिनीशी संबंध तुटलेला आहे. उद्या आतील एखादी तार सोलली जाऊन फेज पेटीला टेकला, तर फ्यूज उडणार नाही, पेटी गुपचूप जिवंत होऊन बसेल आणि पहिला हात लावणाऱ्याची वाट पाहील.

भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला: कारण असेल तर कार्य होते, कारण निमाले तर कार्य निमते. खेड्यापाड्यांत विजेने मनुष्य गेला की "त्याची वेळ भरली होती" असे म्हणण्याची रीत आहे. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की वेळ भरलेली नसते, तार सोललेली असते. तार बदलता येते.

मोडेममधील रिकामी पट्टी

त्या लाइनमनने ज्याकडे बोट दाखविले, तो मोडेम दोन कामे एकदम करतो. संगणकाचा संदेश टेलिफोनच्या तारेवर गेला पाहिजे, आणि संगणकाची वीज मात्र तिकडे जाता कामा नये. तारेवाचून संदेश कसा जाणार, असे प्रथमदर्शनी वाटते. उत्तर सुंदर आहे.

एखादा निकामी झालेला जुना मोडेम मिळाला तर तो सर्व तारांपासून सोडवून उघडून पाहावा. आतील हिरव्या पाटीवर, टेलिफोनच्या बाजूचे भाग आणि संगणकाच्या बाजूचे भाग यांच्यामधून काही मिलिमीटर रुंदीची एक रिकामी पट्टी गेलेली दिसते. तिच्यावरून तांब्याची एकही रेघ पलीकडे जात नाही. ही पट्टी ओलांडण्याचा परवाना मोजक्या सुट्या भागांनाच असतो.

पहिला भाग छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन वेटोळ्यांत तांब्याचा संबंध नाही. एकीतील बदलत्या प्रवाहाने चुंबकत्व बदलते आणि त्यामुळे दुसरीत तसाच प्रवाह उपजतो. आवाजाच्या पट्ट्यातील, म्हणजे सुमारे ३०० ते ३,४०० आवर्तनांमधील संकेत अशा रीतीने पार होतात. दुसरा भाग ऑप्टोकपलर. त्याच्या काळ्या कुपीत एका बाजूस बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारा घटक असतो. फोन वाजत आहे ही वर्दी प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जाते. तिसरा भाग रिले. त्याचे वेटोळे एका बाजूस आणि स्विच दुसऱ्या बाजूस असतो. नंतरच्या काळातील मोडेममध्ये याच कामासाठी जास्त दाब सोसणारे खास कपॅसिटर आले. हा पडदा हजार ते दीड हजार व्होल्टचा ताण सोसतो की नाही, याची चाचणी घेण्याचा मानकांचा दंडक आहे. भारतात माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आय.एस. १३२५२ हे मानक तयार झाले, आणि अशा अनेक उपकरणांना २०१२ च्या आदेशान्वये भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली.

हा पडदा दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी आहे. तारेवर चढलेला दाब संगणकापुढे बसलेल्या मुलापर्यंत येऊ नये, आणि संगणकातील दोष खांबावरील लाइनमनपर्यंत जाऊ नये. ज्याला आपण पाहतही नाही अशा माणसाच्या जिवाची काळजी त्या रिकाम्या पट्टीत घेतलेली आहे. कार्ल्याच्या लेण्यात दान देणारा सुतार आपले नाव दगडावर ठेवून गेला. खांबावरच्या कारागिराचे नाव कोठेच नसते. त्याचा मान राखावयाचा तर निदान आपले अर्थिंग नीट ठेवावे.

विलगता आणि विटाळ

तंत्रज्ञ या योजनेला विलगता किंवा पृथक्करण म्हणतात. आपल्या समाजाच्या कानाला हा शब्द बोचतो. वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांनी पाणवठ्यावर आणि शाळेच्या दाराबाहेर भोगले आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी एकदा विचारले, "मग ही विलगता चांगली कशी?"

प्रश्न योग्य होता. आमचे उत्तर असे: विटाळाने संबंध तोडला आणि हानी चालू ठेवली. अस्पृश्याचे श्रम घेतले, परंतु त्याचा शब्द, त्याचे ज्ञान, त्याचा स्पर्श नाकारला. मोडेममधील विलगता नेमके उलटे करते. ती संदेश पूर्ण पार जाऊ देते आणि फक्त इजा अडविते. शिवाय ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू असते. एक बाजू श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे तिच्यात नाही. कोणतीही भिंत पाहिली की हा प्रश्न विचारावा: ही काय अडविते आहे, आणि कोणाच्या हितासाठी?

आभाळातील वीज

मावळात मे-जूनमधील वळीव आणि परतीचा पाऊस यांत विजांचा कडकडाट अधिक. वीज थेट संगणकावर पडण्याची गरज नसते. जवळपास कोठेही पडली की तेथील जमिनीचाच दाब क्षणभर हजारो व्होल्टांनी चढतो. अशा वेळी संगणकाची एक बाजू आपल्या इमारतीच्या जमिनीशी बांधलेली असते आणि टेलिफोनची तार काही किलोमीटर दूर असलेल्या एक्स्चेंजच्या जमिनीशी. या दोन जमिनींमधील सारा फरक त्या काही मिलिमीटरच्या पट्टीवर येऊन आदळतो. दीड हजार व्होल्ट सोसणारा पडदा तेथे टिकत नाही. म्हणून वादळानंतर पुष्कळदा मोडेम आणि त्याच्यासोबत संगणकाचा मदरबोर्डही जळालेला आढळतो.

वायूने भरलेली नळी किंवा व्हॅरिस्टर यांसारखे संरक्षक भाग बाहेरून बसविता येतात. दाब चढताच ते तार जमिनीकडे वळवितात. परंतु अर्थिंगच नसेल तर वळविणार कोठे? लोणावळ्याकडील काळा कातळ वीज सहज वाहू देत नाही. तेथे अर्थिंगचा खड्डा नीट खोल घेऊन त्याची वेळोवेळी मोजणी करून घ्यावी लागते. पावसाळ्यात उत्तम वाटणारे अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते.

काचेची तार आली तरी

आज कोणी म्हणेल, मोडेमचे दिवस गेले; आता फायबर आले. हे खरे आहे. फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. ऑप्टोकपलरच्या कुपीत जे घडत होते तेच आता कित्येक किलोमीटर लांबीवर घडते. परंतु तीन ठिकाणी जुना धोका नव्या वेषात उभा आहे.

एक, फायबरच्या केबलमध्ये आधारासाठी पुष्कळदा पोलादी तार असते. अशी केबल विजेच्या खांबांवरून लोंबत आली आणि वरची वाहिनी तुटून तिच्यावर पडली, तर काच निर्दोष असूनही पोलाद वीज घरापर्यंत आणते. दोन, वसतिगृह आणि शाळा अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल ओढली जाते. लॅनच्या खोबणीत दीड हजार व्होल्टची चाचणी सोसणारे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, तरीही दोन इमारतींच्या दोन जमिनी हा आभाळातील विजेसमोरचा जुनाच प्रश्न आहे. दोन इमारतींमध्ये फायबरच घालावी. तीन, मोबाइलचे आणि राउटरचे स्वस्त चार्जर. त्यांच्यातही २३० व्होल्ट आणि आपले बोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. नोंदणी नसलेल्या मालात तो पडदा कागदाएवढाच निघू शकतो.

पाळावयाचे नियम

१. संगणक नेहमी तीन पिनांच्या प्लगनेच जोडावा. तिसरी पिन लांब आणि जाड असते, कारण तिने सर्वांत आधी जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे. ती तोडू नये.

२. प्लगवाचून उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने बोर्डात खोचण्याची सवय कायमची सोडावी.

३. पेटीला मुंग्या आल्या तर चप्पल शोधू नये, वायरमन बोलवावा. बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात तार आहे आणि ती खरोखर जमिनीपर्यंत जाते, याची मोजणी करून घ्यावी.

४. तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. मुख्य बोर्डावर बसवावा; वायरमन त्याला ई.एल.सी.बी. असेही म्हणतात. महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही हे पाहावे.

५. आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी, विजेचा प्लग आणि टेलिफोनची किंवा लॅनची तार दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. विजा चमकू लागल्यावर मात्र तारांना हात लावू नये आणि तारेचा फोनही वापरू नये.

६. चार्जर आणि अडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

७. लाइनमन किंवा केबलवाला कामावर आला असता आपल्याकडील यंत्र बंद करून प्लग काढून द्यावा. त्याने मागण्याची वाट पाहू नये.

बाबासाहेबांचे वीज खाते

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण सर्व जाणतो. परंतु विद्युतशक्तीचा विषयही त्याच खात्याकडे होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळाची स्थापना झाली. वीज आणि मजूर हे दोन विषय एकाच मंत्र्याच्या टेबलावर होते. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला यात एक शिकवण दिसते: वीज किती निर्माण झाली हा अर्धा प्रश्न आहे, ती हाताळणारा माणूस संध्याकाळी घरी परतला की नाही, हा उरलेला अर्धा.

आमच्या संगणक कक्षात त्या आठवड्यातच नवे अर्थिंग झाले. खड्डा खणण्यास मोठ्या वर्गातील मुले होती, आणि मुंग्यांची तक्रार करणारा विद्यार्थीही त्यांत होता. काम झाल्यावर त्याने अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभे राहण्याची परवानगी मागितली. ती आम्ही दिली नाही. आधी वायरमनने मीटर लावला, आकडा शून्याजवळ आला, मग आम्ही स्वतः पेटीवर हात ठेवला, आणि त्यानंतरच त्याची पाळी आली. कक्षाच्या दारावर तेव्हापासून एक वही टांगलेली आहे. दर जूनमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये अर्थिंग मोजले जाते आणि मोजणारा विद्यार्थी तारखेसह सही करतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या सह्या तीत आहेत. शाळेत आलात की त्या अवश्य पाहाव्यात, आणि परत गेल्यावर आपल्या घरच्या बोर्डाचे तिसरे छिद्र एकदा तपासून घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!